मागचं तेवढं बघ, सूनबाई

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. शेजारच्या काकूंचा फोन होता. "आप्पा गेले बाई, दुपारी जेवून आडवे झालते, उठलेच न्हाईत..." एवढं ऐकल्यावर माझ्या मनात जे पहिल्यांदा आलं ते लिहायची लाज वाटते, पण ते गाळलं तर पुढचं सगळंच खोटं ठरेल. मला रडू आलं नाही. मला वाटलं, आता ते कधीच विचारणार नाहीत. सुटले. फळ्यावर बाकी तशीच अर्धवट राहिली, मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी खडू हातात धरून मनातल्या मनात सुटले म्हणत होते. रडू आलं ते घरी, चुडाव्याला जाणाऱ्या ऑटोत बसल्यावर. तेही त्यांच्यासाठी किती आणि माझ्या त्या पहिल्या विचाराच्या भीतीने किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

मन्मथआप्पा, माझे सासरे, रेल्वेत गेटमन होते. सगळी नोकरी त्यांनी फाटकावर काढली आणि शक हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. स्टेशनातून फोनवर गाडी गेल्याचं सांगितलं तरी शेवटच्या डब्यामागची पाटी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते फाटक उघडत नसत. दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टर, मोटरसायकली हॉर्न वाजवत, लोक शिव्या देत. आप्पा म्हणायचे, "डबे सुटून मागं राहतेत कधी कधी. मोहरं इंजिन गेलं म्हंजे गाडी गेली असं नसतंय." ते निवृत्त झाले, पुढे फाटकही गेलं, तिथे रुळाखालून रस्ता झाला, नजर मात्र तशीच राहिली. औषधाच्या पट्टीवरची तारीख ते भिंगाखाली धरून वाचत. मोबाईलवर अनोळखी फोन आला तर उचलत, पण पलीकडचा माणूस बोलेपर्यंत श्वाससुद्धा सोडत नसत. घरात दोन बायका हळू आवाजात बोलल्या की बाहेरच्या खाटेवरून प्रश्न यायचा, "काय म्हणायलाव?" आम्ही भाजीचं म्हणायचो. खरोखरच भाजीचं असलं तरी त्यांना ते पटलेलं नसायचं.

एका माणसावर मात्र त्यांचा शक नव्हता. ज्ञानोबाकाका. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं कटिंगचं दुकान आहे, गावाबाहेर छोटा मळा. दोघे एका वर्गात शिकले, एका विहिरीत पोहायला शिकले. दर दुसऱ्या रविवारी आप्पा तिथे जायचे आणि एरवी घरातही न उतरणारी टोपी तिथे उतरायची. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती तरी मी त्यांचं उघडं डोकं बघितलं नव्हतं.

सहाव्या वर्षी माझ्या नणंदेचं, सुरेखाचं, बोरीला लग्न ठरत आलं. स्थळ चांगलं होतं, मुलगा शांत होता. अडचण एकच. सुरेखाला लहानपणापासून फिट यायची. गोळ्यांनी बरीच आटोक्यात होती, पण गोळ्या सुटलेल्या नव्हत्या. आप्पांनी घरात बजावून ठेवलं होतं की हे दाराबाहेर जाता कामा नये. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गप्प होत्या. माझे यजमान नागनाथही गप्प होते. सुरेखा एका दुपारी धुण्याच्या दगडाजवळ माझ्याकडे आली. "वहिनी, लपवून लग्न नको मला," ती म्हणाली. "कळल्यावर करायलेत तर करू द्या. तिथं गेल्यावर फिट आली अन् ह्यांनी फसवलं म्हणून परत पाठवलं, तर मी कुठं जाऊ? तुमी सांगा त्यांना. तुमच्या शाळेत त्या पोराची मावशी हाय." मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या बाईंना बाजूला घेतलं, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "माझं नाव येऊ देऊ नका." हे शेवटचं वाक्य मी बोलले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चार दिवसांत मध्यस्थाचा फोन आला. पोरीला फिट येतात म्हणे, आम्हाला तुमच्याच गावातून कळलं, आता जमायचं नाही. आप्पांनी फोन ठेवला आणि खाटेवर बसून बोटांवर मोजायला लागले, कोणाकोणाला माहीत आहे. घरातले आम्ही. नांदेडचा डॉक्टर. आणि बाहेरचा एकच, ज्ञानोबा. चौदा वर्षांची असताना सुरेखा भर दुपारी, रस्त्यावर कोणी नसताना, त्यांच्या दुकानासमोर पडली होती, त्यांनीच तिला कुशीवर वळवून, शुद्धीवर आल्यावर उचलून घरी आणलं होतं. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. आप्पांचं बोट ज्ञानोबाकाकांवर थांबलेलं मला दिसत होतं. मी एक शब्द बोलले नाही. भाकरी करपली, एवढंच.

ते तसेच उठून दुकानात गेले. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "ज्ञानोबा, तू बेइमान निघालास. पोरीचं वाटोळं केलंस." काका म्हणे एवढंच म्हणाले, "मन्मथ, आधी बस तर खरं." आप्पा बसले नाहीत. गाव लहान. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की ज्ञानोबाच्या पोटात काही राहत नाही. काही घरांनी त्यांच्याकडे जाणंच सोडलं. ज्या दुकानात सगळं गाव बोलत होतं, तिथे लोक गप्प बसून कटिंग करून उठायला लागले.

पुढच्या आठवड्यात आप्पा नांदेडला गेले आणि केस कापायचं मशीन घेऊन आले, चार्जिंगचं. सोबतचा कागद त्यांनी भिंगाखाली धरून तीनदा वाचला. बाटलीतल्या तेलाचा वास घेतला. चारही कंगवे बोटाने वाकवून बघितले. मग अंगणात नळाच्या खांबाला आरसा अडकवला, खाली जुनं धोतर अंथरलं, आणि आम्हा सगळ्यांना आत जायला सांगितलं. खिडकीतून आवाज येत होता, आधी मोकळा घूंऽऽ, मग केसांत शिरल्यावर जड झालेला. पुढचं डोकं त्यांनी बरं केलं. मागे हात वळवताना कंगवा निसटला आणि उघडं पातं फिरलं. लिंबाएवढं टक्कल पडलं. ते त्यांनी टोपी मानेपर्यंत ओढून लपवलं आणि तीन आठवडे प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कोण हसतंय ते. पुढच्या वेळी मशीन नागनाथच्या हातात दिलं. त्यांना गाडी गाठायची घाई, कानाला लागलं. "तुला धीर न्हाई," म्हणून आप्पांनी मशीन काढून घेतलं. आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मग त्यांनी आत हाक मारली, "मागचं तेवढं बघ, सूनबाई."

मी पदर सारखा करून बाहेर आले. ते आरशाकडे तोंड करून स्टुलावर बसले होते, टोपी मांडीवर. सासऱ्याच्या डोक्याला हात लावायचा म्हणजे काय, हे आमच्याकडच्या सुनेला सांगायला नको. डोकं मी समजत होते त्यापेक्षा लहान होतं. मानेवर दोन खोल चरे, कानामागे टोपीचा पांढुरका वळ. ज्यांनी जन्मभर कुणाला पाठीमागे उभं राहू दिलं नाही, ते माझ्याकडे पाठ करून, मान खाली घालून बसले होते. आणि गोष्ट बाहेर सांगणारी मीच होते. माझा हात इतका थरथरत होता की पहिली ओळ वाकडी गेली.

"थरथरायलाय कामून?" त्यांनी विचारलं.

"सवय नाही, आप्पा."

"हं," म्हणाले. त्या हुंकाराचा अर्थ मी पुढे कितीतरी दिवस लावत बसले.

त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी हे ठरून गेलं. पुढचं ते स्वतः करायचे, मागचं मी. मशीन कसं धरायचं ते मी शिकले. केस कोरडे असले पाहिजेत, पातं वाढीच्या उलट न्यायचं, भोवऱ्यापाशी हात गोल फिरवायचा, कान पुढे मुडपून त्यामागचं काढायचं. आणि ते मान खाली घालून प्रश्न विचारायचे. अगदी साधे. "तुमच्या शाळंत बोरीकडच्या कोणी बाई हायत का गं?" मी म्हटलं, "बदली झाली त्यांची." झाली होती खरंच. "घरातली गोष्ट भायेर कशी जात आसंल?" मी म्हटलं, "काय माहीत." "ज्ञानोबा असा न्हवता," ते एकदा आपल्याशीच म्हणाले. आरशात मी त्यांचे डोळे शोधले, पण मान खाली होती. मला वाटायचं, केस कापायला नव्हे, त्यांनी मला चौकशीला उभं केलंय. मी मशीन बंद केलं की ते मान चोळत उठायचे, धोतर झटकायचे, आणि मी आत जाऊन पाणी प्यायचे. शनिवारी रात्रीच मला उद्याचे प्रश्न ऐकू यायला लागले. उत्तरं पाठ करून ठेवायचे मी, परीक्षेला बसल्यासारखी.

दीड-दोन वर्षांनी प्रश्न एकदम थांबले. मला बरं वाटायला हवं होतं. उलट धास्ती वाढली. विचारणं थांबवलं म्हणजे यांना कळलं, असं वाटे. मग वाटे, कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्याच सुमारास ते रोज चारच्या ठोक्याला घराबाहेर पडायला लागले. कुठं जायलाव विचारलं तर "पाय मोकळे करायला." येताना कधी खिशात दोन पेरू असायचे. बाजारचे नव्हेत, झाडावरचे, पक्ष्याने टोचलेले. एकदा शाळेतून येताना मी ऑटोतून बघितलं, आप्पा ज्ञानोबाकाकांच्या मळ्याच्या वाटेने चालले होते. ऑटो वळेपर्यंत मी मागे बघत राहिले. पुन्हा भांडायला? की खात्री करायला? काका नक्की म्हणाले असतील, मी नाही सांगितलं, तुझ्या घरातच बघ. त्या दिवशी आप्पा घरी आले ते शीळ घालत. तीही मला बरी वाटली नाही.

मग सुरेखाला नांदेडचं दुसरं स्थळ आलं. पाहुणे बसले होते, मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात पोचले आणि आप्पांचा आवाज ऐकला. "एक सांगतो. पोरीला लहानपणापसून फिट येती. गोळ्या चालू हायत. घरी जाऊन इचार करा, मग सांगा." बशा माझ्या हातात वाजल्या. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, सरळ, आणि म्हणाले, "ठेव की गं, पाहुणे थांबलेत." लग्न झालं. ती आज सुखात आहे, तिला मुलगी आहे. पण ते बघणं माझ्या मनातून गेलं नाही. यांना कळलंय. नाही, कळलं नाही. कळलंय... अशी सहा-सात वर्षं. मधल्या काळात कोरोना आला, घरोघरी मशीनं आली, नंतर सगळे पुन्हा दुकानात गेले. आप्पा गेले नाहीत. त्यांचं वैर किती पक्कं आहे, असं गाव म्हणे. दर दुसऱ्या रविवारी अंगणातून हाक यायची, आणि मी जायचे.

शेवटच्या महिन्यात परीक्षांमुळे माझा एक रविवार चुकला, मग दुसराही. त्यांनी हाक मारली नाही. ते गेले त्या दिवशी मी शाळेतून पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. आमच्यात जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, तेव्हा मानेवर वाढलेले केस मला दिसले. तेवढ्यात गर्दीत कुजबुज झाली. दारात ज्ञानोबाकाका उभे होते. कोणीतरी म्हणालं, "हा कशाला आला आता?" काका कोणाकडेही न बघता आप्पांपाशी गेले, खाली बसले, खिशातून वस्तरा काढला, आणि आत्याबाईंकडे बघितलं. भावकीतला एकजण अडवायला पुढे झाला. आत्याबाई म्हणाल्या, "करू द्या त्यांना." काकांनी आप्पांचं डोकं एका हाताने आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं आणि मागची मान साफ केली. हळूहळू, शेवटच्या केसापर्यंत. मग वस्तरा पुसून खिशात घातला आणि निघून गेले.

मला ते कोड्यात टाकून गेलं. आमच्यात सुतक पाळत नाहीत, मी चार दिवसांत शाळेत जायला लागले, पण मन लागेना. बेइमान म्हटलेल्या माणसाला आत्याबाईंनी हात का लावू दिला? एका सकाळी मी विचारलंच. त्या लसूण सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "ते तू ज्ञानोबांनाच इचार."

आप्पांना जाऊन तीन आठवडे झाले होते. मी शाळेतून थेट दुकानावर गेले. दुपारची वेळ, दुकान रिकामं. काका कैचीला तेल घालत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बोरीच्या लोकांना मी सांगितलं होतं, तुमचं नाव फुकट खराब झालं, मी आठ-नऊ वर्षं गप्प बसले, मला माफ करा. त्यांनी कैची दोनदा उघडून-मिटून बघितली.

"मला म्हाइत हाय, सूनबाई."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले. सुरेखानं तुमच्या सासऱ्याला सांगितलं, मीच वहिनीला सांगायला लावलं म्हणून. दुसऱ्याच दिवशी आला मळ्यात. पाय धरायलाय माझे. मी म्हणलं, हितं नको, चल दुकानात, जिथं म्हणलास तिथंच चार माणसांत सांग. तो म्हणला, सांगतो. पन मग कोण सांगितलं म्हणून लोक इचारतील, सूनबाईचं नाव निघंल. तूच इचार करून सांग, काय करू." काका थांबले. "मी दोन दिवस इचार केला."

"मग?"

"मग काय. म्हणलं, राहू दे. रोज चारला यायला लागला मळ्यात. पेरूखाली बसायचो."

मी विचारलं, मग केस तरी तुमच्याकडून का कापून घेतले नाहीत? मळ्यात कोण बघणार होतं? ते हसले. "म्हणलं की मी. नको म्हणला. मशीन बंद केलं की तिला कळंल मला कळलंय. मग ती तोंड वर करून वावरनार न्हाई घरात. शकानं हात थरथरतोय तिचा, म्हणायचा, थांबंल आपोआप."

मी विचारलं, "थांबला होता का?"

"मला कसं म्हाइत? मान त्याची होती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पन सुरुवातीला लय वाकडं मारायच्या तुमी. टोपी काढून दावायचा मला. नंतर बरं यायला लागलं."

मी ज्यांना चौकशी करणारे समजत होते, ते सगळा वेळ मला कळू नये म्हणून जपत होते. ज्यांना शकाशिवाय दुसरं काही येत नाही असं आम्ही म्हणायचो, त्यांनी घरातल्या एकीवरचा शक उचलून स्वतःच्या आणि मित्राच्या डोक्यावर घेतला होता; आणि शक घेऊन जगत होते ती मी. त्या संध्याकाळी सुरेखाला फोन लावला. ती बराच वेळ रडली, मग म्हणाली, "आप्पांनी शप्पथ घातली होती, वहिनीला सांगायचं न्हाई म्हणून." नागनाथला सांगितलं. त्यांनी रविवारी सकाळी मशीन कपाटात ठेवलं आणि म्हणाले, "चल."

दुकानात पाच-सहा जण होते. मी दारात उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, जे वर लिहिलं आहे ते. पूर्ण सांगितलं. ज्यांना त्या रविवारी ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्ञानोबाकाकांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. ऐकून खुर्चीतल्या माणसाने आरशातून माझ्याकडे बघितलं. बाकड्यावरचे एक म्हातारबा सरकले आणि म्हणाले, "बसा बाई." कटिंगच्या दुकानात बाकड्यावर बसायची माझी पहिलीच वेळ. काका कंगवा झटकत म्हणाले, "ह्याच कोपऱ्यात बसायचा मन्मथ. नंबर आला तरी उठायचा न्हाई. दोघातिघांना मोहरं सोडायचा. म्हणायचा, घाई न्हाई, मला बसायचंच हाय."

थोड्या वेळाने खुर्ची रिकामी झाली. काकांनी कापड झटकलं आणि नागनाथकडे बघितलं. नागनाथ उठायला लागले तसा मी त्यांचा हात धरला आणि शेजारच्या म्हातारबांना म्हटलं, "तुम्ही बसा आधी. आम्हाला घाई नाही."